गळ्याच्या ग्रंथीत साचते ते काय?



उत्तनहून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या गळ्याला पुढच्या बाजूने सूज आली होती. डॉक्टरांनी सुईने नमुना काढून तपासावयास पाठविला, तेव्हा अहवालात ‘लिम्फोसायटिक थायरॉइडायटिस’ असे शब्द आले. रक्तात टीपीओ अँटिबॉडीचे प्रमाणही बरेच वाढलेले निघाले. गोळी सुरू झाली. पुढे नात्यातील कोणी वैद्यकीय माहिती वाचून त्यांना सांगितले की, अशा आजारात ग्रंथीच्या आत ‘इम्यून डिपॉझिट’ साचतात. तेव्हापासून त्यांच्या मनाला स्वस्थता नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत. हे साचलेले नेमके काय असते? पर्युषणात अठ्ठाई केली तर ते धुऊन निघेल का, आणि मग गोळी सोडता येईल का? आणि आयोडीनमुळेच हे सारे होते असे ऐकले आहे, तर पाकिटातील मीठ सोडून जवळच्या मिठागरातले खडे मीठ किंवा सैंधव वापरावे का?

व्यापारी घरात ‘डिपॉझिट’ म्हटले की प्रथम बँक आठवते. ठेव ठेवली, मुदत भरली की काढून घेतली. ग्रंथीतील ही ठेव तशी काढून घेता येत नाही, आणि ती काढण्याची गरजही नसते. हे दुसरे विधान पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे, म्हणून आजचे सदर त्याच्यासाठी.

थायरॉइड, म्हणजे परिभाषेतील अवटु ग्रंथी, कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते. तिचे वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ती असंख्य लहान लहान पिशव्यांची बनलेली दिसते. या पिशव्यांना पुटिका म्हणतात. प्रत्येक पुटिकेची भिंत पेशींच्या एकाच थराची असते, आत थायरोग्लोब्युलिन नावाचे घट्टसर प्रथिन भरलेले असते, आणि भिंतीच्या बाहेरून एक अतिशय पातळ पडदा पुटिकेला वेढून असतो. आहारातून आलेले आयोडीन या प्रथिनाला जोडले जाते आणि त्यातून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार होते. हे जोडण्याचे काम करणारे विकर म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज. अहवालातील ‘टीपीओ’ ही तीन अक्षरे त्याचीच.

या आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते हाकारू हाशिमोतो हे जपानी शल्यचिकित्सक. १९१२ साली त्यांनी जर्मन भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेने काढलेल्या चार स्त्रियांच्या ग्रंथी त्यांनी तपासल्या होत्या, आणि चारहींत पुटिकांच्या मध्ये लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी झालेली होती. ही दाटी का होते हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. निबंध प्रसिद्ध झाल्यावर हाशिमोतो आपल्या गावी परतले, वडिलार्जित दवाखाना चालवू लागले आणि १९३४ साली विषमज्वराने निवर्तले. आपले नाव जगभरच्या अहवालांवर छापले जाणार आहे, याची त्यांना कल्पनाही नसेल.

कारण कळावयास १९५६ साल उजाडले. शरीर स्वतःवरच शस्त्र उगारणार नाही, अशी तोवर वैद्यकाची जवळजवळ श्रद्धाच होती. लंडनमध्ये डेबोरा डोनिएक यांच्या लक्षात आले की, हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नावाची प्रथिने वाढलेली असतात आणि ग्रंथी काढून टाकली की ती कमी होतात. म्हणजे ग्रंथीतीलच काहीतरी शरीराला चिथावत असले पाहिजे. आयव्हन रॉइट यांनी रुग्णाच्या रक्ताचा जलीय भाग आणि थायरॉइडचा अर्क यांची गाठ घालून दिली, तेव्हा दोहोंच्या संगमावर साका धरला. रुग्णाच्या रक्तात त्याच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, होते हे त्यातून सिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनीही असाच निष्कर्ष मांडला. त्यांचे प्रयोग प्राण्यांवरचे होते, त्यांचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पर्व्हस यांना, पुन्हा त्याच वर्षी, अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णांच्या रक्तात ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित करणारा एक घटक आढळला. तो घटकही प्रतिपिंडच होता, हे पुढे उघड झाले.

आता साचण्याची गोष्ट. प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला जाऊन चिकटला की दोघांची मिळून एक जोडगोळी होते. तिला प्रतिकार-संकुल म्हणू. पुष्कळदा या संकुलाला कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातील पूरक प्रथिनेही येऊन मिळतात. पुटिकेतून झिरपणारे थायरोग्लोब्युलिन आणि बाहेरून येणारे प्रतिपिंड यांची भेट बहुधा त्या पातळ पडद्यापाशी होते, आणि संकुले तेथेच अडकून बसतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकालाही ओळखता येत नाहीत. प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून त्यांचा ठावठिकाणा शोधण्याची पद्धत हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी काढली. ती थायरॉइडच्या ऊतींवर वापरली, तेव्हा पुटिकांच्या कडेने हिरवट चमकणारे कण दिसू लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तेच पडद्याला चिकटलेल्या गडद ठिपक्यांसारखे दिसतात. १९७० च्या दशकात या निक्षेपांचा चांगला अभ्यास झाला. ते हाशिमोतोच्या आजारात सापडले, तसेच ग्रेव्हज या आजारातही सापडले.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. हाशिमोतोच्या आजारात ग्रंथी हळूहळू थकते आणि संप्रेरक कमी पडते. ग्रेव्हजच्या आजारात ती बेभान काम करते आणि संप्रेरक उतू जाते. एकात वजन वाढते, थंडी सोसवत नाही, बद्धकोष्ठ होतो. दुसऱ्यात वजन घटते, छाती धडधडते, घाम फुटतो. दोन्ही टोकांच्या आजारांत पडद्यावरचे ठिपके मात्र सारखेच. यावरून एवढे तरी निश्चित म्हणता येते की, ग्रंथीचे काय होणार हे केवळ ठिपक्यांवरून ठरत नाही.

मग नासधूस कोण करते? हाशिमोतोच्या आजारात मुख्य वाटा त्या लिम्फोसाइटांचा, विशेषतः टी-पेशींचा, असतो. त्या पुटिकांच्या पेशींना थेट मारतात किंवा मरावयास लावतात. संकुले आणि पूरक प्रथिने त्यात भर घालत असतील, पण थायरॉइडच्या पेशींच्या पृष्ठभागावर पूरक प्रथिनांचा मारा परतविणारी संरक्षक प्रथिनेही असतात. याहून बोलका पुरावा मातेच्या उदरातच मिळतो. टीपीओ प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, तरीही सर्वसाधारणपणे बाळाच्या ग्रंथीला त्यांचा उपद्रव होत नाही. ग्रेव्हजच्या आजारातील उत्तेजक प्रतिपिंडांचे तसे नाही. ते बाळाचीही ग्रंथी चेतवू शकतात, म्हणून अशा मातेच्या बाळावर लक्ष ठेवावे लागते. थोडक्यात, प्रतिपिंड सारे एका माळेचे मणी नव्हेत.

टीपीओ प्रतिपिंड आणि पडद्यावरील ठिपके हे बहुतांशी भांडणाच्या खुणा होत. घरात भांडण झाले हे फुटलेल्या कपबश्यांवरून कळते, पण तुकडे गोळा करून भांडण मिटत नाही. ‘अँटिबॉडी मुळापासून साफ’ करणाऱ्या काढ्यांच्या आणि चूर्णांच्या जाहिराती अलीकडे फार दिसतात, म्हणून हे स्पष्ट सांगावे लागते. सेलेनियमच्या गोळ्यांनी काही अभ्यासांत टीपीओचा आकडा खाली आला. तथापि त्यामुळे ग्रंथी सुधारली किंवा गोळी सुटली, असे सिद्ध झालेले नाही. एकदा निदान झाल्यावर दर तीन महिन्यांनी टीपीओ मोजून घेणे हा माझ्या मते निव्वळ खर्च आहे. पाहावयाचा तो टीएसएच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडकडून पुरेसा माल येतो की नाही यावर नजर ठेवते आणि कमी पडला की टीएसएच वाढवून तगादा लावते. मात्रा ठरते ती या आकड्यावरून.

भारतातील ८ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी करून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि गोवाही होते. थायरॉइडची कमतरता सुमारे ११ टक्के लोकांत आढळली. टीपीओ प्रतिपिंड मात्र जवळजवळ २२ टक्के लोकांत होते, म्हणजे दुप्पट. प्रतिपिंड बाळगणारे कितीतरी लोक अजून निरोगी आहेत, असाच याचा अर्थ. दुसरीकडे, कमतरता असलेल्यांपैकी साधारण तिघांतील एकाला आपल्याला काही झाले आहे याची वार्ताच नव्हती. मला या अभ्यासातील हा आकडा अधिक अस्वस्थ करतो.

प्रतिपिंड असणाऱ्यांचे पुढे काय होते, याचे उत्तर इंग्लंडच्या व्हिकम येथील पाहणीने दिले. तेथील लोकांची १९७० च्या दशकाच्या आरंभी तपासणी झाली आणि २० वर्षांनी पुन्हा त्यांची चौकशी केली गेली. ज्या स्त्रियांत केवळ प्रतिपिंड होते, त्यांच्यापैकी दर वर्षी शंभरात सुमारे २ जणींना कमतरता झाली. ज्यांत प्रतिपिंडही होते आणि टीएसएचही वाढलेला होता, त्यांत हे प्रमाण शंभरात ४ हून थोडे अधिक. तेव्हा नुसता टीपीओ वाढलेला असेल आणि टीएसएच योग्य असेल, तर सामान्यतः गोळी नको, वर्षातून एकदा तपासणी पुरे.

आता तपश्चर्येविषयी. तपाचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, त्याचे मोजमाप रक्ततपासणीत करू नये. उपवासाने पडद्यावरची संकुले धुऊन निघतात, असे दाखविणारा पुरावा नाही. मेलेल्या पुटिका तर परत येतच नाहीत. ज्यांची ग्रंथी थकली आहे, त्यांनी शरीराला लागणारे संप्रेरक बाहेरून घ्यावे लागते, आणि ते उपवासाच्या दिवसांतही लागते. लिव्होथायरॉक्सिनची एक सोय अशी की, घेतलेल्या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे एका उपवासाला गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही. अठ्ठाईत मात्र साठा निम्म्याखाली येतो. मासक्षमणात महिनाभर गोळी बंद राहिली, तर जुन्या साठ्याचा जेमतेम विसावा हिस्सा उरतो. ज्यांची ग्रंथी जवळजवळ निकामी झाली आहे, विशेषतः वृद्ध आणि हृदयविकार असलेले, त्यांच्यासाठी ही धोक्याची अवस्था होय. पच्चक्खाणात औषधाची मोकळीक ठेवता येते का, हे गुरुमहाराजांना विचारावे. किती दिवस गोळीविना राहता येईल, हे डॉक्टरांना. दोन्ही प्रश्न पर्युषणाच्या आधी विचारावेत, पाचव्या उपवासाला चक्कर आल्यावर नव्हे.

रोजच्या दिवसांत आपल्या रीतीची या गोळीशी चांगली सांगड बसते. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खावयाचे नसते, चहासुद्धा नाही. नवकारशी करणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पाणी घेतात. त्या पहिल्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि नाश्ता तेवढा मागे ढकलावा. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने घ्याव्यात, कारण त्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतात. दीर्घ उपवासानंतर लगेच थायरॉइडची तपासणी करू नये. उपाशी शरीर आपला वेग मुद्दाम मंदावते, त्यामुळे आकडे फसवे येतात. पारण्यानंतर आहार सुरळीत होऊन काही आठवडे गेले की तपासावे. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तपासणीपूर्वी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात.

अनेकांच्या मनात असणारी एक शंका येथेच दूर करतो. थायरॉइडचे औषध प्राण्यांच्या ग्रंथीपासून करतात, असे ऐकिवात असते. १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिला उपचार केला, हे खरे. वाळविलेल्या प्राणिग्रंथीची औषधे काही देशांत आजही मिळतात. परंतु १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत घडविले, आणि आज आपल्याकडे डॉक्टर लिहून देतात ती लिव्होथायरॉक्सिनची गोळी रासायनिक पद्धतीनेच तयार होते. परदेशातून औषध मागविणाऱ्यांनी मात्र ते जिलेटिनच्या वेष्टनात नाही ना, हे पाहून घ्यावे.

मिठाचा प्रश्न उत्तनहून यावा हे स्वाभाविक आहे. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी ओलांडून उत्तनला जाताना वाटेत मिठागरे दिसतात, आणि समुद्र जवळ म्हणजे आयोडीन भरपूर अशी समजूत सहज होते. हिशेब मात्र निराळा आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन अवघे ५० ते ६० मायक्रोग्रॅम. ते सारेच्या सारे मिठात उतरले असे धरले, तरी दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून ८ मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळेल. प्रत्यक्षात मीठ जमल्यावर मागे राहणाऱ्या कडू पाण्यातच त्याचा बराच अंश जातो. प्रौढाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅमची, गरोदर स्त्रीची २५० ची. उत्तनच्या कोळी बांधवांना आयोडीन मिळते ते त्यांच्या मासळीतून, मिठागरातून नव्हे. आपल्या शाकाहारी ताटात ते येते प्रामुख्याने आयोडीनयुक्त मिठातून आणि काही अंशी दुधातून. सैंधवात ते नगण्य. ज्या घरात बारा महिने सैंधवच वापरतात आणि सून गरोदर आहे, त्या घराने याचा गंभीरपणे विचार करावा, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. आयंबिलच्या ओळीतील नऊ दिवसांचे सैंधव ही वेगळी बाब. त्याने काही बिघडत नाही.

आयोडीनमुळे हा आजार होतो या बोलण्यात तथ्याचा एक अंश आहे, तो लपवीत नाही. डेन्मार्कने २००० साली मिठात आयोडीन घालणे सक्तीचे केले, त्यानंतरच्या पाहणीत थायरॉइडविरोधी प्रतिपिंड असणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. परंतु आयोडीनच नसले तर काय होते, हे आपल्या देशाने हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात पाहिले आहे. तेथे घरोघरी गलगंड होते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या कामात आयोडीनयुक्त मिठाने ते ओसरले. त्याच अनुभवातून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला, आणि २००६ पासून आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास देशभर बंदी आहे. दोन्ही पारडी तोलून पाहता कौल आयोडीनयुक्त मिठाकडेच जातो, हाशिमोतोच्या रुग्णांसाठीही. टाळावयाचा तो अतिरेक. ‘थायरॉइडसाठी नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या समुद्री शैवालाच्या गोळ्या शाकाहारी असल्या, तरी त्यांत आयोडीनची मात्रा अवाच्या सवा असू शकते, आणि दुबळ्या ग्रंथीला ती झेपत नाही.

निक्षेपांविषयी एक पोटगोष्ट उरली. क्वचित प्रसंगी हीच थायरोग्लोब्युलिनची संकुले मूत्रपिंडाच्या गाळण्यांमध्ये साचलेली आढळली आहेत. तेथे मात्र साचलेले उपद्रव देते, आणि लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात. थायरॉइडच्या रुग्णाच्या पायांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज आली, किंवा लघवीला सतत फेस येऊ लागला, तर थायरॉइडचेच असेल म्हणून गोळीची मात्रा वाढविण्याआधी साधी मूत्रतपासणी करून घ्यावी. ती अल्प खर्चात होते.

गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा मात्रा बहुधा चौथाईने ते निम्म्याने वाढवावी लागते. आणि हा आजार कुटुंबांत उतरताना दिसतो. उत्तनच्या भगिनींनी पत्रात आपल्या धाकट्या बहिणीचा आणि महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा उल्लेख केला आहे. दोघींचा टीएसएच एकदा तपासून घ्यावा. धाकट्या बहिणीला थकवा आहे, केस गळतात आणि पाळी अनियमित आहे असे त्या लिहितात, तेव्हा तिच्या बाबतीत पुढच्या सणापर्यंत थांबू नये.